सिमेंटचे हाड होते का?

पडद्यावर कवटीचा सीटी स्कॅन दिसत आहे. उजवीकडच्या मोकळ्या जागेतले हाड, अपघातानंतर सुजलेल्या मेंदूला वाव मिळावा म्हणून, शस्त्रक्रियेत काढावे लागले. असे हाड रुग्णाच्याच पोटाच्या त्वचेखाली किंवा अतिशीत पेटीत जपून ठेवतात आणि सूज उतरली की परत बसवतात. परंतु ते चुरलेले असेल, त्याला जंतुसंसर्ग झालेला असेल किंवा बसवल्यानंतर ते झिजत गेले असेल, तर पोकळी दुसऱ्या कशाने तरी भरावी लागते.

१९४० च्या दशकापासून त्यासाठी पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे बोलीभाषेतले ‘बोन सिमेंट’, वापरात आहे. पावडर आणि द्रव एकत्र केले की कणकेसारखा गोळा तयार होतो, हाताने त्याला कवटीचा आकार देता येतो आणि काही मिनिटांत तो दगडासारखा घट्ट होतो. घट्ट होताना तो इतका तापतो, की खालचे मेंदूचे आवरण भाजू नये म्हणून त्यावर सलाईनची धार धरावी लागते. हे सिमेंट स्वस्त आणि मजबूत आहे. मात्र ते हाडाशी कधीच एकजीव होत नाही. शरीर त्याभोवती तंतूंचे आवरण विणते, त्याच्या आत रक्तवाहिन्या शिरत नाहीत, आणि म्हणूनच पृष्ठभागावर जंतूंचा चिवट थर एकदा बसला, की प्रतिजैविके तोकडी पडून बहुतेक वेळा सिमेंटच काढावे लागते. हे संकट शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनीही येऊ शकते.

१९८० च्या दशकात अमेरिकेत ब्राऊन आणि चाऊ या संशोधकांनी कॅल्शियम फॉस्फेटचे सिमेंट विकसित केले. ते घट्ट होताना फारसे तापत नाही, आणि त्यातून हायड्रॉक्सीॲपेटाइट बनते, जे आपल्या हाडातल्या खनिजाच्या जवळचे आहे. या सिमेंटची जागा कालांतराने खरे हाड घेईल, ही आशा त्यामुळे मुळीच अवाजवी नव्हती. १९९६ मध्ये त्याला कवटीसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत तर ही आशा फारच मोलाची वाटली.

पुढच्या वर्षांतल्या तपासण्यांनी मात्र ती बरीचशी खोटी ठरवली. मोठ्या पोकळीत हाड सिमेंटच्या कडांशी थोडेफार रुजते, पण आतला गाभा तसाच राहतो. खाली मेंदूचे स्पंदन सतत चालू असते, हा ठिसूळ पदार्थ त्याने तडकतो, त्याचे तुकडे होतात, त्वचेखाली पाणी साचते. कपाळातल्या सायनसला, म्हणजे हाडातल्या हवेच्या पोकळीला, लागून सिमेंट भरले असेल, तर संसर्गाचा धोका आणखी वाढतो. कानामागच्या छोट्या शस्त्रक्रियांमध्ये, किंवा खाली शाबूत हाड असताना नुसता खड्डा बुजवायचा असेल तेव्हा, हेच सिमेंट चांगले टिकते. हा फरक आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

म्हणून मोठ्या पोकळीसाठी आज अनेक शल्यचिकित्सक स्कॅनवरून बेतलेली टायटॅनियमची किंवा ‘पीक’ (PEEK) नावाच्या मजबूत प्लॅस्टिकची पट्टी निवडतात. ज्यांच्या कवटीत सिमेंट आहे, त्यांनी त्या जागी सूज, लाली किंवा स्राव दिसताच, शस्त्रक्रियेला दहा वर्षे उलटलेली असली तरी, शल्यचिकित्सकांना दाखवावे.