भूक आणि उमेद

[काळा पडदा. ताटात चमचा ठेवल्याचा आवाज.]

‘जेवण जात नाही.’ ‘कशातच मन लागत नाही.’ ही दोन वाक्यं माणसं बऱ्याचदा एका दमात बोलतात. मेंदूतही ती शेजारी-शेजारीच राहतात.

[मेंदूचा उभा छेद. कॅमेरा तळाकडे सरकतो.]

हा हायपोथॅलॅमस. त्याच्या बुडाशी चेतापेशींचे दोन गट आहेत. एजीआरपी पेशी भूक लावतात, पीओएमसी पेशी ‘आता पुरे’ म्हणतात. भुकेच्या पेशी जाग्या झाल्या की त्या दुसऱ्या गटाला दाबूनही ठेवतात.

ताण आला की इथूनच निरोप निघतो. आधी मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी, मग मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी, शेवटी रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक. काम झालं की तेच कॉर्टिसॉल मेंदूला ‘बस कर’ असं कळवतं. संकट तासाभरात टळणार असेल तर ही सोय नामी आहे. महिनोन्‌महिने टळलंच नाही, तर?

[पिंजरा. दोन बाटल्या.]

एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत साखरेचं. धडधाकट उंदीर गोड पाण्याकडे वळतो. दिवसचे दिवस कधी काय होईल याचा नेम नसलेला ताण दिला, की त्याची ही ओढ कमी होते. उंदराला ‘उदास’ म्हणावं का, ही शंका रास्त आहे. पण गोडाची गोडी जाणं आपल्याही ओळखीचं आहे.

अमेरिकेतल्या ऑगस्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा उंदरांच्या भुकेच्या पेशी तपासल्या. त्या मंदावल्या होत्या. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ताण न दिलेल्या उंदरांमध्ये याच पेशी मुद्दाम गप्प केल्या, तर तेही ताणापुढे लवकर हात टेकू लागले. आणि ताण दिलेल्या उंदरांमध्ये त्या चेतवल्या, तेव्हा गोडाची ओढ परत आली. म्हणजे या पेशी नुसती पोटाची खबर ठेवत नाहीत, एखादी गोष्ट हवीशी वाटण्यातही त्यांचा हात आहे.

[उजेड बदलतो. दुसरा पिंजरा.]

मग ताणात काही जण उलट खात का सुटतात?

सिडनीच्या गार्वन संस्थेने २०२३ मध्ये मेंदूतल्या दुसऱ्याच जागेकडे बोट दाखवलं: लॅटरल हॅबेन्युला. एरवी ती खाण्यातून मिळणाऱ्या सुखाला लगाम घालते. ताण आणि चरबीयुक्त खाणं एकत्र आलं, की उंदरांमध्ये ती गप्प बसली. हे उंदीर सुक्रॅलोज घातलेलं पाणी, ताण नसलेल्या पण तेच खाणाऱ्या उंदरांच्या तिप्पट प्यायले. सुक्रॅलोज गोड असतं, पण त्यातून ऊर्जा मिळत नाही. म्हणजे शरीर उष्मांक मागतच नव्हतं, जीभ दिलासा शोधत होती.

या जागेवर एनपीवाय नावाच्या रेणूचा परिणाम होऊ दिला नाही, तेव्हा ते कमी खाऊ लागले. वजनही कमी वाढलं. ताण मात्र होता तसाच होता.

[बाटलीच्या तोंडाशी थबकलेला उंदीर. पडदा काळा.]