नजरेचा कुत्रा : सिन्नरच्या माळावरचा कारवान

(पहाट. सिन्नरच्या पूर्वेचा माळ. मेंढरांच्या घंट्या.)

वाघरेच्या, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या आत मेंढरं अजून रवंथ करताहेत. बाहेर घोंगडीच्या घडीवर अंगाचं वेटोळं करून पडली आहे ती हरणी. वय तीन वर्षं, जात कारवान. आम्ही पार तिकडच्या बांधावर होतो, तेव्हाच तिनं आम्हाला हेरलं होतं. मान वर केली, पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवली. भुंकली नाही. भुंकायला धनगरांच्या या वाड्यावर दुसरे दोन कुत्रे आहेत, मेंढरं राखणारे. हरणीचं ते काम नव्हे.

(जवळून : डोकं, छाती, कंबर, पुढचा पाय.)

लांब, निमुळतं डोकं. छाती कोपरापर्यंत उतरलेली आणि तिथून पोट एकदम वर खेचलेलं. बरगड्या मोजता येतात. नव्या माणसाला वाटतं, हिला उपाशी ठेवलंय. तसं नाही. बाजरीची भाकरी दुधात कुस्करून दोन्ही वेळा पोटभर मिळते. पळणाऱ्या कुत्र्याच्या अंगावर चरबी टिकतच नाही. कातडीही पातळ. पुढच्या पायावर ही पांढरी रेघ दिसते ना, ती कुंपणाच्या तारेची.

कुत्रा म्हटलं की आपल्याला नाक आठवतं. कारवान नजरेचा कुत्रा आहे. लांब कवटीच्या कुत्र्यांच्या डोळ्यात, आतल्या पडद्यावर, दृष्टिपेशींची एक दाट आडवी पट्टी असते. क्षितिजालगत काही हललं की ते तिथं लगेच उमटतं. सपाट, उघड्या माळासाठीच घडलेले डोळे आहेत हे.

(गोंदेश्वराचं देऊळ, कोवळं ऊन. मग शिळेचं छायाचित्र.)

सिन्नर हे यादवांचं जुनं ठाणं. पण दख्खनवर शिकारी कुत्र्याचा मान या देवळाहूनही जुना. कर्नाटकातल्या आतकूरची ही शिळा पाहा. काळ साधारण इसवी सन 949-50, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा. ‘काळी’ नावाचा शिकारी कुत्रा रानडुकराशी झुंजला, दोघंही मेले. त्या कुत्र्यासाठी दगड उभा केला, लेख कोरला. वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराचा दगड, माणसाची असते असं आपण धरून चालतो. इथं कुत्रा आणि डुक्कर समोरासमोर कोरलेत.

कारवान हे नाव कारवांवरून, व्यापारी तांड्यांवरून आलं असं सांगतात. मध्य आणि पश्चिम आशियातल्या सलूकी, ताझी या लांब पायांच्या कुत्र्यांशी त्याचं नातं जोडलं जातं. अंगावर मऊ झुलपं असतील तर त्याला पश्मी म्हणतात.

(टपाल तिकीट, भिंगातून.)

आणि याच कुत्र्याचं दुसरं नाव, मुधोळ? मुधोळ आज बागलकोट जिल्ह्यात आहे, पण संस्थान होतं मराठा घोरपड्यांचं. राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोडी इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना भेट दिली आणि ‘मुधोळ हाउंड’ हे नाव सगळीकडे पोचलं. 2005 साली टपाल खात्यानं चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात हा आहे. 2016 मध्ये लष्करानं मुधोळची पिल्लं प्रशिक्षणासाठी मेरठला नेली. केनेल क्लब ऑफ इंडिया याची नोंद कारवान म्हणून करतो. आपल्या धनगरवाड्यांवर तर तो कधीचाच कारवान आहे, आणि मला ते नाव जास्त खरं वाटतं.

(माळ. मोटारसायकल, मागे लांब दोरी, दोरीच्या टोकाला सशाएवढं चिंध्यांचं गाठोडं.)

आता गाडी सुरू होईल. हरणीचे कान बघा.

(दौड. आधी खऱ्या वेगात, मग संथ गतीत.)

सुटली.

आता हेच सावकाश बघू. मागचे दोन्ही पाय पुढच्या पायांच्याही पुढे येतात, पाठ धनुष्यासारखी वाकते. इथं थांबवू. चारही पाय हवेत. आता पाठ सरळ होते, अंग ताणलं जातं, आणि हे पुन्हा चारही पाय हवेत. एका ढांगेत दोनदा ती जमीन सोडते. घोडा चौखूर उधळला तरी ढांगेत एकदाच सोडतो. वळणावर शेपटी बघा, होडीच्या सुकाणूसारखी फिरते. मातीचा लोट उठला तिथं ती नाहीच, ती केव्हाच पुढे गेली आहे.

गाठोडं धरलं. एकदा झटकलं. सोडून दिलं.

एवढंच हवं असतं तिला. जी पोरं ही दोरी ओढतात, त्यांनी या जातीवर फार मोठे उपकार केले आहेत. अंगणात साखळीला बांधलेला कारवान मी पाहिलाय. तो चावत नाही, ओरडत नाही, नुसता मिटत जातो.

(वाडा. हरणीचे मालक आबा तिच्या पायातला काटा काढताहेत.)

स्वभाव म्हणाल तर परक्याचा हात अंगाला लागलेला हिला खपत नाही. आम्ही तीन दिवस इथं होतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं माझ्या हाताचा वास घेतला, तेवढंच. आबांच्या मांडीवर मात्र पाय सोडून पडते. रागावलेलं जिव्हारी लागतं, म्हणून आबा तिच्यावर आवाज चढवत नाहीत. पाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट : या अंगलटीच्या कुत्र्यांना काही भूलऔषधं उतरायला फार वेळ लागतो. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना जात आवर्जून सांगा.

खऱ्या सशामागे हिला सोडत नाहीत. ससा मारणं 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. माळाचेही महामार्गांनी, कुंपणांनी तुकडे झाले. एकदा पळत सुटलेल्या कारवानाला हाक ऐकू येत नाही आणि पुढचा रस्ता दिसत नाही.

(हरणीची पिल्लं. सात आठवड्यांची.)

चार पिल्लं. एकाच्या छातीवर पांढरा ठिपका. आबांनी काठीला चिंधी बांधली आहे.

(चिंधी हलते. चारही माना एकदम वळतात.)