गुडघ्याचा हिशेब

(दृश्य: ऑर्थोपेडिक ओपीडी. पेटीच्या उजेडात लावलेला गुडघ्याचा एक्स-रे.)

हाडांमधली फट किती उरली, हे एक्स-रेत दिसतं. केलग्रेन आणि लॉरेन्स या डॉक्टरांच्या १९५७ च्या पद्धतीने झिजेला ० ते ४ अशी श्रेणीही देता येते; ४ म्हणजे सर्वांत जास्त झीज. पण चौथ्या श्रेणीचा गुडघा घेऊन रोज मंडईत जाणारे लोक आहेत, आणि दुसऱ्या श्रेणीतच जिन्याची धास्ती घेतलेलेही आहेत. दुखणं किती, ते ज्याचं त्यालाच विचारावं लागतं. तेही सगळ्यांना एकाच शब्दांत, म्हणजे उत्तरं शेजारी ठेवून पाहता येतात.

कॅनडात तयार झालेल्या ‘वोमॅक’ प्रश्नावलीत असे २४ प्रश्न आहेत. ५ वेदनेचे, २ सांधा आखडण्याचे आणि तब्बल १७ रोजच्या हालचालींचे. १९९८ चा ‘ऑक्सफर्ड नी स्कोअर’ (नी म्हणजे गुडघा) हा दुसरा फॉर्म १२ प्रश्नांत आटोपतो. प्रत्येकी ० ते ४, एकूण ४८ गुण. यात गुण जास्त तर गुडघा बरा. वोमॅकमध्ये नेमकं उलटं! तेव्हा फॉर्म कुठला ते पाहिल्याशिवाय पेढे वाटू नयेत.

(दृश्य: फिजिओथेरपिस्ट फॉर्म वाचून दाखवते आहे.)

“आजी, मोजे घालताना त्रास होतो का?”

“मोजे कुठले गं बाई! मला खाली मांडी घालून बसता येत नाही, ते लिही की.”

मूळ वोमॅकमध्ये मोजे आहेत, बाथटबमध्ये उतरणं आहे. मांडी नाही, उकिडवं बसणंही नाही. पुण्याच्या ‘सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेस’ या संधिवात केंद्राने ही प्रश्नावली भारतीय राहणीला जुळवून घेतली, ती याचसाठी.

तरी एक गोची उरतेच. घरात कमोड आला, पूजेला खुर्ची आली, की माणूस खाली बसणंच सोडतो. मग त्रास होतो का विचारलं तर “नाही” म्हणतो, आणि गुडघा कागदावर सुधारतो. विचारणाऱ्याने इथे आणखी एक प्रश्न विचारायला हवा: “पण बसता का?”

(दृश्य: ऑपरेशननंतर वॉकर घेऊन चालणारा रुग्ण.)

इंग्लंडच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत २००९ पासून गुडघा बदलण्याआधी आणि सहा महिन्यांनी ऑक्सफर्डचा फॉर्म भरून घेतला जाऊ लागला. त्यात एक प्रश्न गुडघे टेकून पुन्हा उठण्याचा आहे. वेदना गेली, चालणं सुधारलं, तरी या प्रश्नाला अनेक जण कमीच गुण देतात. काहींना ते जमत नाही. काहींनी नव्या सांध्याच्या भीतीने कधी टेकूनच पाहिलेलं नसतं.