तपासणी ‘नॉर्मल’ आली, म्हणजे काय?

मित्रहो, बाललैंगिक अत्याचाराविषयी डॉक्टर आणि परिचारिकांपुढे बोलताना मला सुरुवात करावीशी वाटते ती ‘नॉर्मल’ या शब्दापासून. अत्याचार झालेल्या बहुसंख्य मुलांच्या शारीरिक तपासणीत काहीही आढळत नाही, कारण प्रत्येक स्पर्शाने जखम होतेच असे नाही आणि झालेली जखमही त्या भागात थोड्याच दिवसांत, अनेकदा खूण न ठेवता, भरून येते. तरीही केसपेपरवर ‘नॉर्मल’ एवढेच लिहून आपण मोकळे होतो आणि वाचणारा त्याचा अर्थ ‘काही घडलेच नाही’ असा लावतो. ‘इजा आढळली नाही, परंतु त्यावरून अत्याचाराची शक्यता नाकारता येत नाही’ हे वाक्य पूर्ण लिहायला असा किती वेळ लागतो?

मग ओळखायचे कशावरून? सुटलेली सवय परतून अंथरूण पुन्हा ओले होऊ लागणे, कारण न सापडणारी पोटदुखी, एखाद्याच माणसाकडे जायला ठाम नकार, यांपैकी एकही गोष्ट पुरावा नव्हे. धाकट्या भावंडाच्या जन्मानेही मूल असे वागू शकते. पण शंका आपल्या मनात यायला हवी, आणि बहुतेक वेळा ती येतच नाही, असे माझे मत आहे.

खरा आधार असतो मुलाच्या बोलण्याचा, आणि ते बोलणे बहुधा अवचित येते. ड्रेसिंग बदलताना मूल म्हणते, ‘मला काकांकडे नाही जायचं.’ इथे ‘काकांनी हात लावला का?’ असे विचारले की उत्तर आपणच त्याच्या तोंडी घातलेले असते. ‘काकांकडे काय होतं, सांगशील?’ एवढे विचारावे आणि गप्प बसावे. मूल ‘शूची जागा’ म्हणाले, तर कागदावरही अवतरणचिन्हांत ‘शूची जागा’च लिहावे, त्याचे ‘जननेंद्रिय’ करू नये. ‘मी कुणाला सांगणार नाही’ असे वचन तर देऊच नये, कारण ते आपल्याला पाळता येणार नसते.

यानंतर घड्याळ महत्त्वाचे ठरते. एचआयव्ही-प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत, शक्य तितकी लवकर सुरू करावी लागतात. वयात आलेल्या मुलीसाठी तातडीचे गर्भनिरोधक १२० तासांपर्यंत देता येते. लहान मुलांच्या बाबतीत पहिल्या दिवसानंतर पुरावा शरीरापेक्षा कपड्यांवर आणि चादरीवर मिळण्याची शक्यता जास्त असते, म्हणून ते धुऊ नयेत, आणि प्लास्टिकऐवजी कागदी पिशवीत ठेवावेत, कारण कोंडलेल्या ओलाव्याने नमुना खराब होतो. मूल तपासणीला नको म्हणत असेल, तर बळजबरी करू नये.

आता आपल्याच घरातली गोष्ट. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याला २०१८ मध्ये दीर्घ कारावासाची शिक्षा झाली. उपचाराच्या नावाखाली त्याने कित्येक वर्षे मुलींवर अत्याचार केले, आणि काही वेळा तर मुलीची आई त्याच खोलीत असायची. तो असा उभा राहायचा की तिला काही दिसू नये. त्यामुळे ‘सोबत कुणीतरी होते’ या नोंदीवर माझा फारसा विश्वास नाही. सोबतची परिचारिका पडद्याच्या आत, डॉक्टरांचे हात दिसतील अशा जागी उभी हवी. कोणती तपासणी का करायची आहे, हे तिच्यादेखत मुलाला आणि पालकांना आधी सांगितलेले हवे, आणि केसपेपरवर तिचे नाव हवे.