केबल रेलिंग: आधी खांब, मग केबल

नमस्कार. डेकला स्टेनलेस स्टीलच्या केबलचं रेलिंग लावायचं ठरलं की चौकशी केबलपासून सुरू होते. किती जाडीची घ्यावी, कुठल्या ग्रेडची, तुटणार तर नाही ना? तुटण्याची काळजी सोडून द्या. चार मिलिमीटरची चांगली केबल एक टनाहून जास्त ओढ सोसते. केबल रेलिंग बिघडतं ते ढिलं पडून, नाहीतर ताणताना टोकाचा खांब वाकून. दोन्हीच्या मुळाशी बहुतेक वेळा खांबच असतो, म्हणून खांबापासून सुरुवात करू.

रेलिंगची उंची १०७० मि.मी. धरा. वरची हँडरेल ४० मि.मी. जाडीची, म्हणजे खाली उरले १०३०. त्यात १२ केबल बसवल्या की १३ गाळे होतात आणि दोन केबलच्या मध्यांमध्ये साधारण ७९ मि.मी. अंतर येतं. प्रत्येक केबल १००० न्यूटनला, म्हणजे सुमारे १०० किलोच्या ओढीला ताणली, तर टोकाच्या खांबावर एकूण १२,००० न्यूटन, सव्वा टनाच्या आसपास भार आला. कुणी रेलिंगला टेकलं तर तेवढ्यापुरता येणारा हा भार नाही. तो रात्रंदिवस खांबाला आत खेचत राहतो.

आता ५० बाय ५०, तीन मि.मी. जाडीचा चौकोनी पाइप घ्या. नुसत्या बेसप्लेटवर उभा केला आणि वरून काहीच आधार दिला नाही, तर तळाशी धातूवर येणारा ताण ७०० मेगापास्कलच्या (म्हणजे दर चौरस मि.मी.ला ७०० न्यूटनच्या) पुढे जातो. साधं पोलाद २५० च्या आसपास कायमचं वाकतं. तोच खांब वरच्या टोकाला हँडरेलने घट्ट अडवला की ताण १८५ च्या आसपास राहतो. हँडरेल हाताला आधार देते हे खरंच, पण या रेलिंगमध्ये तिचं मोठं काम दोन टोकाच्या खांबांना एकमेकांकडे येऊ न देण्याचं आहे. म्हणून ती खांबांच्या मध्ये फट न ठेवता बसवा किंवा खांबांवर पक्की जोडा, आणि तीही केबल ताणायच्या आधी. आधी केबल ताणायच्या, मग सावकाश हँडरेल लावायची, असं केलंत तर वाकलेल्या खांबांवर माप कधीच जुळणार नाही.

लाकडी डेक असेल तर टोकाचा खांब निदान ९० मि.मी. चौरस हवा. तो डेकच्या कडेच्या फळीला १२ मि.मी.च्या दोन आरपार बोल्टने धरा आणि फळीच्या मागे जॉइस्टच्या (डेकच्या फळ्या पेलणाऱ्या आडव्या तुळयांच्या) मध्ये ब्लॉकिंग, म्हणजे आधाराचे लाकडी ठोकळे, ठोका. नुसत्या स्क्रूवर उभा केलेला खांब पहिल्याच ताणाला हलतो.

केबलच्या निवडीत फार वेळ घालवू नका. रेलिंगसाठी एक बाय एकोणीस रचनेचीच घ्या, म्हणजे १९ जाड तारा एकत्र पिळलेली. ती कडक असते आणि कमी लांबते. सात बाय एकोणीस ही मऊ केबल पुलीवरून फिरण्यासाठी असते, ती इथे ताणत राहावी लागते. समुद्र किंवा पोहण्याचा तलाव जवळ असेल तर ३१६ ग्रेड. तिच्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ती मिठातल्या आणि तलावाच्या पाण्यातल्या क्लोराइडला ३०४ या नेहमीच्या ग्रेडपेक्षा चांगली तोंड देते. फिटिंग, वॉशर, नट हेही त्याच ग्रेडचे मागून घ्या. केबल ३१६ ची आणि नट कसलाही, मग डाग नटापासून सुरू होतात.

खांबांमधलं अंतर हा मात्र सविस्तर बघण्याचा विषय आहे. पुष्कळ नियमांत १०० मि.मी. व्यासाचा चेंडू रेलिंगमधून पार जाता कामा नये अशी अट असते. तुमच्याकडचा नियम आधी वाचा, उंचीसुद्धा त्यातूनच ठरते. केबल ७९ वर बसवल्या म्हणजे अट पाळली गेली असं नाही, कारण केबल दाबली की सरकते. मधोमध किती सरकते, तर आडवा जोर गुणिले खांबांमधलं अंतर, भागिले ताणाच्या चौपट. १००० न्यूटन ताण, १.२ मीटर अंतर, जोर ५० न्यूटन: केबल १५ मि.मी. सरकली. चार मि.मी.ची केबल वजा जाता मोकळी जागा ७५ होती. वरची केबल वर आणि खालची खाली सरकली की ती १०५ झाली. चेंडू गेला. खांबांमधलं अंतर ९०० मि.मी. केलं की सरकणं ११ वर येतं आणि जागा ९८ च्या आत राहते. ताण वाढवूनही हे साधतं, पण ती किंमत टोकाचा खांब मोजतो. मधला एक खांब किंवा नुसती भोकं पाडलेली उभी पट्टी वाढवणं केव्हाही बरं. मधल्या खांबांना ओढ सोसायची नसते, ते फक्त केबल जागेवर धरतात. त्यामुळे ते बारीक चालतात.

भोकांसाठी एकच जिग (भोकांच्या जागा ठरवून दिलेली मापपट्टी) करून सगळ्या खांबांवर तीच वापरा. प्रत्येक खांबावर टेपने वेगळं माप घेतलंत तर दोन मिलिमीटरची चूकसुद्धा लांबून लाटेसारखी दिसते. साध्या पोलादाचे खांब असतील तर भोकं पावडर कोटिंगच्या आधी पाडा आणि प्रत्येक भोकात प्लास्टिकचा बुश, म्हणजे छोटी नळी, घाला. ॲल्युमिनियमच्या खांबावर स्टेनलेस फिटिंग थेट टेकू देऊ नका, मध्ये नायलॉनचा वॉशर हवा.

केबल कापताना कापायच्या जागी टेप गुंडाळा आणि केबल कटरच वापरा. पक्कडीने तारा चेपतात, टोक उकलतं आणि ते फिटिंगमध्ये शिरत नाही. शेजारी साधं लोखंड ग्राइंडरने घासायचं काम चालू असेल तर ते आधी बंद करा. ते कण केबलवर बसून गंजतात आणि दोष स्टेनलेसला येतो.

ताणायच्या आधी टेन्शनरच्या (केबल ताणायच्या टोकाच्या फिटिंगच्या) आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे आटे अडकू न देणारं वंगण, लावा. स्टेनलेसवर स्टेनलेसचा नट कोरडा आणि वेगाने फिरवला की आटे एकमेकांत रुततात, मग कापण्यावाचून इलाज नाही. म्हणून इथे इम्पॅक्ट ड्रायव्हर नको, हातातला पाना बरा. केबल पाना मारताना स्वतः पिळली जाते, तेव्हा तिला दुसऱ्या हाताने धरा.

सुरुवात मधल्या केबलपासून, मग एक वरची, एक खालची, असं बाहेर जा. पहिली फेरी अर्ध्या ताणाची, दुसरी पूर्ण. दुसरी फेरी टाळता येत नाही, याचं कारण बघा. मघाचा पाइप पूर्ण भाराखाली मधोमध चारएक मि.मी.पर्यंत वाकू शकतो. दोन्ही टोकं मिळून आठ. दहा मीटर केबल १००० न्यूटनला लांबते साधारण एक सेंटीमीटर. म्हणजे सर्वांत आधी ताणलेल्या मधल्या केबलचा बहुतेक ताण बाकीच्या ताणून होईपर्यंत निघून गेलेला असतो. केबल जितकी आखूड, तितकं हे वाकणं जास्त भोवतं. बोटाने टिचकी मारून अंदाज घेण्यापेक्षा टेन्शन गेज, म्हणजे केबलचा ताण मोजायचं साधन, लावा. सगळं जुळलं की लॉकनट कसा.

उन्हाचाही हिशेब ठेवा. दहा मीटर केबल ३० अंशांनी तापली की सुमारे पाच मि.मी. वाढते. लाकडी डेक तेवढा वाढत नाही. थंड पहाटे ताणलेली केबल दुपारी अर्धी ढिली होते, भर उन्हात ताणलेली थंडीत खांब जास्त खेचते. मध्यम तापमानाची वेळ धरा, आणि महिन्याभराने पुन्हा एकदा गेज लावा, कारण नव्या केबलच्या तारा एकमेकींवर बसायला वेळ घेतात.

काटकोनी कोपऱ्यावर दोन खांब शेजारी उभे करा, म्हणजे प्रत्येक ठिकाणी केबल ४५ अंशांतच वळते. जिन्यावर भोकं उताराच्या कोनात पाडावी लागतात, तिथे तिरके वॉशर लागतात.

देखभाल म्हणजे गोडं पाणी आणि मऊ कापड. डेकशेजारी फरशी ॲसिडने धुणार असाल तर रेलिंग आधी झाका. हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफसुद्धा स्टेनलेसवर तपकिरी डाग आणते. स्टीलवूल नको, ब्लीचही नको.

एक प्रश्न आला आहे: आडव्या केबलवर मुलं चढतील, मग उभ्या का लावू नयेत? चढू शकतात, आणि काही ठिकाणी त्या कारणाने आडव्या केबलना मनाई असते. उभ्या लावता येतात, पण मग सगळी ओढ हँडरेल आणि खालच्या पट्टीवर येते. ८० मि.मी.ला एक याप्रमाणे मीटरमागे १२,५०० न्यूटन. त्या ओढीला बारीक हँडरेल खाली झोळते आणि मधल्या केबल ढिल्या पडतात. तेव्हा वर आणि खाली दोन्हीकडे जाड पाइप घ्या, आणि मधले खांब टोकाच्या खांबांइतकेच भक्कम उभे करा.