बॅलिनाच्या पाण्यात जाळं कुणी टाकलं?

(दृश्य: बॅलिना, लाइटहाऊस बीच. सकाळ. सर्फबोर्ड बगलेत धरून काही जण वाळूत उभे. पाण्यात कुणीच नाही.)

2015 चा हिवाळा, म्हणजे तिकडचा जून ते ऑगस्ट. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात, सिडनीच्या उत्तरेला सातशेहून अधिक किलोमीटरवर, बॅलिना नावाचं गाव आहे. रिचमंड नदी इथे समुद्राला मिळते. लाटा झकास, पण सर्फर काठावरच थांबलेले.

फेब्रुवारीत शेली बीचवर शार्कच्या हल्ल्यात एका सर्फरचा जीव गेला होता. जुलैत लाइटहाऊस बीचवर आणखी एक जण गंभीर जखमी झाला. एरवी समुद्राच्या बाजूने बोलणाऱ्या सर्फरांपैकीच काही जण आता म्हणू लागले, मारून टाका त्यांना. पण ज्याची भीती होती, त्या ग्रेट व्हाइट जातीच्या मोठ्या शार्कला कायद्याचं संरक्षण आहे. लोकांना उत्तर तर द्यायलाच हवं होतं. सरकारने तज्ज्ञांना बोलावलं.

(दृश्य: सिडनी बंदर, पलीकडे टारोंगा प्राणिसंग्रहालय.)

29 सप्टेंबर 2015. टारोंगा प्राणिसंग्रहालयात देशविदेशातले सुमारे सत्तर जाणकार जमले. प्रश्न सोपा वाटणारा होता: माणूस वाचला पाहिजे आणि शार्कही मरता कामा नये, तर काय करायचं?

मारण्याचा उपाय जगात करून झालेला होता. हवाईत 1959 ते 1976 या काळात 4,668 शार्क मारले गेले. हल्ल्यांच्या प्रमाणात म्हणावा असा फरक पडला नाही. ऑस्ट्रेलियाच्याच पश्चिम टोकाला, पर्थच्या बाजूला, 2014 मध्ये सरकारने ड्रमलाइन टाकल्या, म्हणजे तरंगत्या पिंपाला बांधलेले आमिषाचे मोठे गळ. तीन मीटरपेक्षा मोठा शार्क सापडला की गोळी घालायची. 172 शार्क गळाला लागले. बहुतेक टायगर शार्क. ज्याच्या भीतीने हा सगळा खटाटोप केला, तो ग्रेट व्हाइट त्यात एकही नव्हता. पुढची तीन वर्षं हेच चालू ठेवण्याचा बेत तिथल्या पर्यावरण प्राधिकरणाने अमान्य केला, आणि सरकारला तो गुंडाळावा लागला.

मग जाळी? सिडनीच्या आसपास शार्कसाठी जाळी लागतात ती 1937 पासून. न्यूकॅसलपासून वुलनगाँगपर्यंत 51 किनाऱ्यांवर. ऐकणाऱ्याला वाटतं, किनाऱ्याला कुंपण घातलंय. प्रत्यक्षात हे जाळं दीडशे मीटर लांब आणि सहा मीटर उंच. किनारा त्याच्या कितीतरी पट लांब. वरून, खालून, बाजूने, शार्क कुठूनही आत येतो. अडकलेल्यांपैकी बरेच तर किनाऱ्याच्या बाजूने, म्हणजे परत जाताना अडकलेले असतात. कोकणातल्या कुठल्याही मच्छीमाराला हे बघून लगेच कळेल: हे मासेमारीचं जाळं आहे, मोरी, म्हणजे शार्कच, धरायचं.

बैठकीनंतर महिनाभरात सरकारने पाच वर्षांसाठी 1 कोटी 60 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरची योजना जाहीर केली. हवाई टेहळणी, शार्कना टॅग लावणं, संशोधन, आणि नव्या साधनांच्या चाचण्या. कागदावर तरी तज्ज्ञांचं ऐकलं गेलं होतं.

(दृश्य: छोटी बोट, पिवळा तरंगता बोया, दोरीला गळ.)

यातलं एक साधन जरा जवळून बघू. स्मार्ट ड्रमलाइन. ही कल्पना हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरून आली. किनाऱ्यापासून साधारण पाचशे मीटरवर बोया तरंगतो, गळाला मासा लावलेला. शार्कने आमिष ओढलं की बोयावरचं चुंबक निसटतं आणि उपग्रहामार्फत थेट फोनवर संदेश येतो. बोट अर्ध्या तासात पोचलीच पाहिजे. शार्कला बोटीच्या कडेला घेतात, मापं काढतात, टॅग लावतात, खोल पाण्यात नेऊन सोडून देतात. नंतर तोच शार्क टॅगचा संकेत टिपणाऱ्या एखाद्या श्रवणकेंद्राजवळून गेला, की अॅपवर लोकांना सूचना जाते. संध्याकाळी गळ उचलून घेतात. आधी शिकारीची सूचना देणारं यंत्र आता शार्कचाच पत्ता देऊ लागलं.

पण यंत्रांना वेळ लागतो, आणि भीती थांबायला तयार नसते. बॅलिनासाठी ठरवलेले प्लॅस्टिकचे अडथळे लाटा आणि सरकत्या वाळूपुढे टिकेनात. 2016 मध्ये तो नाद सोडावा लागला. त्याच वर्षी सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा हल्ले झाले. तोवर उत्तर किनाऱ्यावर जाळी नकोत म्हणणारे राज्याचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, माइक बेअर्ड यांनी भूमिका बदलली. संघराज्याचे पर्यावरणमंत्री जॉश फ्रायडनबर्ग यांनी कायद्यातून सूट दिली. डिसेंबर 2016 मध्ये बॅलिना, लेनॉक्स हेड आणि इव्हान्स हेडच्या पाच किनाऱ्यांवर जाळी पडली, सहा महिन्यांची चाचणी म्हणून.

सल्ला विचारला सत्तर जणांना, आणि निर्णय झाला तो किनाऱ्यावरच्या आवाजावर. यावर चिडणं सोपं आहे. पण निवडून आलेल्या माणसाला जखमी मुलाच्या गावात उभं राहून 'आकडेवारी तपासतोय' म्हणता येत नाही, हेही खरंच.

गंमत अशी, की या घाईच्या निर्णयानेच उत्तर दिलं. त्याच किनाऱ्यांवर, त्याच महिन्यांत जाळी आणि स्मार्ट ड्रमलाइन शेजारी शेजारी होत्या. जाळ्यांत पावणेतीनशेच्या आसपास प्राणी अडकले: पाकट, कासवं, डॉल्फिन. ज्यांच्यासाठी जाळी टाकली, ते शार्क दहासुद्धा नव्हते. ड्रमलाइनवर त्याहून कितीतरी जास्त ग्रेट व्हाइट आले, आणि जवळजवळ सगळे जिवंत सोडले गेले. पुढच्या हंगामात दुसरी चाचणी झाली. त्यानंतर बॅलिनात जाळी परत आली नाहीत. तज्ज्ञांनी बैठकीत मांडलेल्या मतापेक्षा हे आकडे मंत्र्यांना नाकारणं अवघड गेलं.

(दृश्य: सिडनीचा उत्तर किनारा. लाँग रीफ.)

सिडनीकडची जाळी मात्र राहिली. तीन स्थानिक परिषदांच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकांच्या, हद्दीत प्रत्येकी एका किनाऱ्यावरचं जाळं प्रयोगादाखल काढून बघायचं, असा विचार 2025 मध्ये पुढे आला. हंगामाची जाळी 1 सप्टेंबरपासून लागतात. 6 सप्टेंबरला लाँग रीफच्या पाण्यात एका सर्फरचा मृत्यू झाला.

तो प्रयोग सरकारने थांबवला.