डोई सव्वा लिटर

(दृश्य : लातूर रेल्वे स्थानक. रुळांवर उभी असलेली टाक्यांची मालगाडी.)

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. तिच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. मांजरा धरण कोरडे पडल्यामुळे इतक्या दुरून आणावे लागलेले हे पाणी, २०११च्या जनगणनेतील शहराच्या ३ लाख ८२ हजार लोकसंख्येत समान वाटले, तर डोई जेमतेम सव्वा लिटर भरते. पुढे ‘जलदूत’ नावाने ओळखल्या गेलेल्या या गाडीला पन्नास वाघिणी जोडल्या गेल्या आणि एका खेपेस २५ लाख लिटर पाणी येऊ लागले.

टँकरपुढे घागर घेऊन उभ्या राहणाऱ्या बाईला आपल्या घराला रोज किती पाणी लागते, हे तोंडपाठ असते. नळ सोडताच पाणी येणाऱ्या घरात मात्र हा आकडा सहसा कोणालाच सांगता येत नाही. शहरांच्या पाणीयोजना आखताना माणशी रोज १३५ लिटरचे प्रमाण धरले जाते, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला ५४० लिटर. पिणे आणि स्वयंपाक यांना त्यातले थोडेच लागते. खरा खप न्हाणीघरात आणि संडासात होतो.

(दृश्य : फ्लशच्या टाकीचे उघडलेले झाकण.)

जुन्या पद्धतीच्या टाकीतून एका वेळी दहा लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी जाते. चौघांनी दिवसातून पाच-पाच वेळा फ्लश केला, तर २०० लिटर तिथेच संपतात. नवी दुहेरी बटणाची टाकी तीन किंवा सहा लिटरमध्ये काम भागवते. पण ती बसवणे जमत नसेल, तर पाण्याने भरून बूच घट्ट लावलेली लिटरची बाटली जुन्या टाकीत, फुग्याला अडणार नाही अशी, उभी ठेवावी, म्हणजे प्रत्येक वेळी एक लिटर वाचतो. काही जण वीट ठेवतात, परंतु ती झिजून तिचा चुरा टाकीत उतरतो, म्हणून बाटलीच बरी. टाकी आतून गळते का, हे पाहण्यासाठी रात्री तीत खाण्याचा रंग टाकावा आणि मधे कोणी फ्लश करू नये. सकाळी भांड्यात रंग उतरलेला दिसला, तर तळाचा रबर बदलण्याची वेळ झाली आहे.

(दृश्य : ठिबकणारा नळ. खाली स्टीलची वाटी.)

ठिबकणाऱ्या नळाखाली शंभर मिलिलिटरची वाटी ठेवली आणि ती दहा मिनिटांत भरली, तर दिवसाला १४ लिटरांहून अधिक पाणी वाया जात आहे. त्यावरचा उपाय बहुतेक वेळा काही रुपयांचा वॉशर असतो, आणि तरीही आपण प्लंबरची वाट पाहत महिना काढतो. गच्चीवरची टाकी भरून वाहू लागल्यावर खालून ‘मोटार बंद करा’ अशी आरोळी उठण्यापेक्षा टाकी भरताच पाणी आपोआप थांबवणारा बॉल कॉक दुरुस्त करून घेणे कधीही सोपे.

सवयींमध्ये एक सवय खास आपली आहे. नळाला नवे पाणी आले की काल भरून ठेवलेले पाणी शिळे ठरते आणि थेट मोरीत जाते. स्वच्छ भांड्यात, झाकून ठेवलेले पाणी एका रात्रीत बिघडत नाही. मन मानतच नसेल, तर त्याने भाजी धुवावी किंवा ते कुंड्यांना घालावे. आरओ यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा हिशेब मोठा आहे, कारण अनेक जुन्या यंत्रांत एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटरच्या आसपास पाणी नळीवाटे निघून जाते. ते बादलीत धरून फरशी पुसण्यासाठी किंवा संडासात वापरता येते. कुंड्यांना मात्र ते रोज घालू नये, कारण त्यातील क्षार मातीत साठत जातात.

(दृश्य : पावसात भिजणारी गच्ची.)

त्याच २०१६च्या पावसाळ्याच्या अखेरीस मुसळधार पाऊस होऊन मांजरा धरण भरले. साठ चौरस मीटरच्या गच्चीवर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर १,५०० लिटर पाणी पडते आणि गळती, बाष्पीभवन वजा जाता सुमारे १,२०० लिटर हाती लागते. पन्हाळीच्या पाइपला एक वेगळी तोटी ठेवून पहिल्या पावसाचे धूळ-पाचोळ्याचे पाणी बाहेर सोडावे, आणि नंतरचे पाणी वाळू व खडीच्या गाळणीतून टाकीत किंवा बोअरच्या पुनर्भरण खड्ड्यात वळवावे. हे काम मे महिन्यात, गच्ची झाडून घेतानाच उरकलेले बरे; पाऊस सुरू झाल्यावर गवंडी मिळत नाही.